चष्मा, स्की-गॉगल आणि हेल्मेट: गुलमर्गला निघण्याआधी ठाण्यात काय काय करून घ्यावं?

मानपाडाकर (ठाणे)

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत गुलमर्गला सात दिवसांचा नवशिक्यांचा स्की कोर्स करायचा आहे. आम्ही तिघं जाणार आणि तिघांनाही चष्मा आहे.

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना −५.५०, सिलिंडर (बुबुळाच्या असमान गोलाईचा नंबर) −१.२५. वय ४४, दोन वर्षांपासून प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) वापरतो. पत्नीचा −२.००, सिलिंडर नाही. लग्नकार्यात कॉन्टॅक्ट लेन्स घालते. मुलगी ११ वर्षांची, नंबर −३.२५, उन्हात काळ्या होणाऱ्या काचा.

प्रश्न असे:
चष्म्यावरून घालायचा गॉगल घ्यावा, गॉगलच्या आत बसणारी नंबरची फ्रेम करून घ्यावी, की सरळ कॉन्टॅक्ट लेन्स घालाव्यात?
हेल्मेट तिथे भाड्याने मिळतं म्हणतात. ते चालेल का? घरी सायकलची आणि स्कूटरची हेल्मेटं आहेत, त्यांतलं एखादं नेलं तर?
काचांवर वाफ धरते ती कशी टाळायची? याची सगळ्यात जास्त धास्ती आहे. चष्म्याशिवाय मला दहा फुटांवरचा माणूसही नीट ओळखता येत नाही.

निघायला अजून दोन महिने आहेत. जे काही करायचं ते इथेच करून जावं असा विचार आहे.

---

भिंगनंबर (वाशी)

दोन महिने हातात आहेत हे फार चांगलं. गॉगल आणि हेल्मेटच्या आधी चष्म्याकडे बघा, कारण पुढचं सगळं माप त्यावर ठरतं.

पहिली गोष्ट काचेची. कोणाच्याही फ्रेममध्ये खरी काच असेल तर तो चष्मा बर्फावर न्यायचाच नाही. दुकानात ज्याला आपण नुसतं 'फायबर' म्हणतो, ते साधं प्लॅस्टिकही जोरात आपटलं तर तडकतं आणि कडा धारदार निघतात. गॉगलच्या आत, डोळ्यापासून सेंटीमीटरभर अंतरावर हे व्हायला नको. पॉलीकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स मागा. दुकानात 'पॉली' म्हटलं की समजतं. पॉलीचा इंडेक्स (आकडा जितका मोठा तितकी काच पातळ) १.५९, त्यामुळे साडेपाच नंबरलाही काच बेताची जाड होते. मात्र कडेने बघताना थोडी रंगीत झालर दिसते. ट्रायव्हेक्सचा इंडेक्स १.५३, म्हणजे काच जरा जाड, पण नजर जास्त स्वच्छ. तुमच्या नंबरला पॉली, मुलीला दोन्हींपैकी कोणतंही. दुकानदार १.६७ ची पातळ काच सुचवेल. रोजच्या वापराला ती उत्तम, पण मार सोसण्यात ती पॉलीची बरोबरी करत नाही.

दुसरी गोष्ट प्रोग्रेसिव्हची. तो चष्मा उतारावर घालू नका. त्याच्या खालच्या भागात जवळचा नंबर असतो. स्कीच्या टोकांकडे किंवा दोन-तीन मीटर पुढच्या बर्फाकडे नजर गेली की तिथे धूसर दिसतं आणि उंचसखलपणाचा अंदाज चुकतो. फक्त लांबच्या नंबरचा, सिंगल व्हिजन चष्मा करून घ्या. मोबाइल बघायचा झाला तर चष्मा नाकावर थोडा खाली सरकवला तरी ४४ व्या वर्षी काम भागतं. नंबर तपासून सहा महिन्यांहून जास्त झाले असतील तर आधी तो तपासा.

तिसरी गोष्ट फ्रेमची, आणि सगळ्यात जास्त चुका इथे होतात. काडीच्या आतल्या बाजूला तीन आकडे छापलेले असतात, समजा ५२, १८, १४०. ५२ मिलिमीटर ही एका काचेची रुंदी, १८ नाकावरच्या पुलाची आणि १४० काडीची लांबी. पण गॉगलमध्ये मावायला लागते ती समोरून बिजागरीपासून बिजागरीपर्यंतची पूर्ण रुंदी, आणि ती कुठे छापलेली नसते. घरी पट्टीने मोजा. ५२–१८ च्या फ्रेमला ती साधारण १३२ ते १३८ मिलिमीटर भरते. बर्फासाठीच्या फ्रेमची रुंदी १३५ च्या आत आणि काचेची उंची ४० च्या आत ठेवा. सध्या चालणाऱ्या मोठ्या चौकोनी फ्रेमा चष्म्यावरून घालायच्या गॉगलमध्येही कोपऱ्यांत अडकतात. मग गॉगलचा फोम फ्रेमला दाबतो, फ्रेम नाकाला दाबते आणि तासाभरात कपाळ ठणकायला लागतं.

काड्या बारीक आणि शक्यतो सरळ हव्यात, कानामागे फार वळलेल्या नकोत. टीआर-९० नावाच्या लवचीक प्लॅस्टिकची फ्रेम चांगली. जाड अ‍ॅसिटेट प्लॅस्टिक थंडीत ताठर होतं. नाकावर तारेचे पॅड असतील तर ते थोडे आत दाबून घ्या, म्हणजे चष्मा चेहऱ्याच्या जवळ बसेल आणि गॉगलच्या काचेला घासणार नाही. दोन्ही बाजूंनी अँटी-ग्लेअर कोटिंग मात्र हवंच, नाहीतर गॉगलच्या आतल्या काचेवरचं प्रतिबिंब मागून डोळ्यांवर येत राहतं.

---

उतारपट्टी (नेरुळ)

वरच्या प्रतिसादाशी सहमत. आता गॉगलचं सांगतो.

चष्म्यावरून घालायच्या गॉगलवर 'ओटीजी' लिहिलेलं असतं. त्याची चौकट जास्त खोल असते आणि कानशिलाजवळच्या फोममध्ये काड्यांसाठी खाचा असतात. खाच आहे की नाही हे बोटाने चाचपून बघा. नुसती खोल चौकट असेल आणि खाच नसेल, तर काडीपाशी फोम उचलला जातो आणि तिथून वारं आत शिरतं. डोळ्यांतून पाणी येतं आणि तीच ओल पुढे काचेवर वाफ होऊन बसते.

मापाची परीक्षा सोपी आहे. चष्मा लावून गॉगल चढवा, पट्टा सैल ठेवा आणि मान जोरात वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवा. चष्म्याची काच गॉगलच्या काचेला टेकल्याचा आवाज आला तर तो गॉगल नको. आतली काच मऊ असते, दोन दिवसांत तिच्यावर गोल ओरखडे उमटतात. मग पट्टा आवळून नाकाजवळ बघा. आपल्याकडच्या बऱ्याच जणांच्या नाकाचा पूल बेताचाच उंच असतो आणि युरोपीय मापाचा गॉगल तिथे फट ठेवतो. त्यासाठी 'लो ब्रिज' नावाचा प्रकार मिळतो.

काच दुपदरीच घ्या. दोन पदरांमधली हवा खिडकीच्या दुहेरी काचेसारखं काम करते आणि आतला पदर फार गार पडू देत नाही. एकपदरी स्वस्त गॉगल चष्मेवाल्यांच्या काही कामाचा नाही.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. ठाणे समुद्रसपाटीला, गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर आणि अफरवट डोंगरावरचं गंडोला (रोपवे) स्टेशन सुमारे ३९५० मीटरवर. त्या उंचीवर हवेचा दाब इथल्यापेक्षा जवळजवळ ४० टक्के कमी असतो. दोन पदरांमध्ये अडकलेली हवा फुगते आणि हलक्या प्रतीच्या गॉगलची कडेची सील सुटू शकते. मग ओल थेट पदरांच्या मध्ये शिरते, आणि ती पुसायला काही मार्ग नाही. चांगल्या काचांमध्ये हवेला ये-जा करता यावी म्हणून कडेला छोटं छिद्र आणि त्यावर पडदी असते. तुम्ही कोर्सभर खालच्या उतारांवरच असाल, तरी एखाद्या दिवशी वर जाणं होतंच.

आता रंग. काचेतून किती टक्के उजेड आत येतो त्यावरून वर्ग ठरतात: एस-० म्हणजे ८० ते १००, एस-१ म्हणजे ४३ ते ८०, एस-२ म्हणजे १८ ते ४३, एस-३ म्हणजे ८ ते १८, एस-४ म्हणजे ३ ते ८ टक्के. एकच काच घेणार असाल तर एस-२, गुलाबी किंवा तांबूस छटेची. ढगाळ दिवशी बर्फ आणि आकाश एकच पांढरं होतं आणि खड्डे-उंचवटे दिसेनासे होतात. तेव्हा गडद काच घातली तर नवशिक्याला पायाखालचं काहीच कळत नाही. दोन काचा मिळत असतील तर एस-१ आणि एस-३ ची जोडी उत्तम. चुंबकाने बसणारी काच हातमोजे न काढता बदलता येते.

अतिनील किरणांचं संरक्षण रंगावर अवलंबून नसतं, ते पॉलीकार्बोनेटच्या फिकट काचेतही पूर्ण असतं. ते का हवं? उंची हजार मीटरने वाढली की अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. डोळे भाजले तर लगेच कळत नाही. काही तासांनी, बहुधा संध्याकाळी, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरायला लागतं. ढग आहेत म्हणून गॉगल काढून फिरायचं नाही.

---

मानपाडाकर (ठाणे)

खूप आभार. मुलीच्या काळ्या होणाऱ्या काचांचं काय? गॉगलही गडद आणि आत चष्माही गडद, असं तर होणार नाही ना? आणि माझ्यासाठी आतली नंबरची फ्रेम कशी वाटते?

---

भिंगनंबर (वाशी)

काळ्या होणाऱ्या काचांना रंग बदलायला अतिनील किरण लागतात, आणि गॉगलची काच ते अडवते. म्हणून गॉगलच्या आत मुलीचा चष्मा जवळजवळ पांढराच राहील. गोंधळ होतो तो गॉगल काढल्यावर. थंडीत या काचा नेहमीपेक्षा जास्त काळ्या होतात आणि पांढऱ्या व्हायला फार वेळ घेतात. जेवायला आत शिरल्यावर बराच वेळ तिला अंधारंच दिसेल. शक्य असेल तर तिला साध्या पांढऱ्या पॉलीचा, खेळाच्या फ्रेमचा वेगळा चष्मा करा आणि जुना सुटा म्हणून बरोबर ठेवा. कायमचा रंग असलेला नंबरचा काळा चष्मा आत घालणं मात्र चूक. आतली काच १५ टक्के आणि बाहेरची १२ टक्के उजेड सोडत असेल, तर डोळ्यापर्यंत दोन टक्केही पोचत नाही.

आता आतल्या फ्रेमबद्दल. ही बिनकाड्यांची छोटी चौकट असते, ती गॉगलच्या आत नाकापाशी किंवा कडांना अडकते आणि तिच्यात नंबरच्या काचा बसवून घ्यायच्या. मोठा फायदा म्हणजे काड्या नसल्याने हेल्मेटखाली काही दाबत नाही. तोटे तीन. ती गॉगलच्या काचेच्या जवळ असते म्हणून चष्म्यापेक्षा गार पडते आणि लवकर वाफ धरते. दुसरा तोटा, गॉगल काढला की नजर गेली. साडेपाच नंबरवाल्याला बूट बांधायलाही वेगळा चष्मा लागतो. तिसरा तोटा अंतराचा. डोळ्यापासून काचेचं अंतर बदललं की नंबर बदलतो. तुमची −५.५० ची काच नेहमीपेक्षा ५ मिलिमीटर पुढे गेली तर नंबर सुमारे −५.६६ लागेल, आणि सिलिंडरच्या दिशेने (५.५० अधिक १.२५ म्हणजे) −६.७५ चा −६.९९. म्हणजे जुन्याच नंबरची काच बसवली तर जवळपास पाव नंबर कमी पडतो. दोन नंबरवाल्याला हे जाणवणारही नाही; तुम्हाला ढगाळ उजेडात जाणवेल. त्यातून बऱ्याच सार्वत्रिक चौकटी वक्र असतात आणि जास्त नंबरला कडेने हेलकावल्यासारखं दिसतं.

करायचीच असेल तर गॉगल आणि चौकट दोन्ही घेऊन दुकानात जा, दोन बाहुल्यांमधलं अंतर म्हणजे पीडी प्रत्येक डोळ्याचं वेगवेगळं मोजून घ्या, आणि गॉगल चढवलेला असतानाच काचेचा मध्य कुठे येतो त्याची खूण करायला सांगा. नौपाड्यात गोखले रोडला किंवा इकडे वाशीला सेक्टर १७ मध्ये चष्म्याच्या इतक्या दुकानांत हे काम सहज करून देणारा माणूस सापडतो. फक्त शनिवार-रविवारच्या गर्दीत जाऊ नका. सिलिंडरचा अ‍ॅक्सिस (कोन) अशा चौकटीत चुकीचा बसतो तो घाईमुळेच.

---

पाचपाखाडी_पूर्वा

माझं मत थोडं वेगळं आहे. ज्यांना कॉन्टॅक्ट लेन्स सहन होतात त्यांनी गॉगलमध्ये चष्मा कोंबण्याच्या भानगडीत पडूच नये. तुमच्या पत्नींना सवय आहे, −२.०० आहे, सिलिंडर नाही. रोजच्या रोज टाकून द्यायच्या लेन्स सात दिवसांच्या सात जोड्या अधिक चार सुट्या, एवढं न्या. मग कोणताही साधा गॉगल, कोणतंही हेल्मेट, वाफेची निम्मी कटकट मिटली.

महिन्याभराच्या लेन्स मात्र नेऊ नका. त्यांच्याबरोबर डबी आणि सोल्यूशन आलं. गुलमर्गच्या खोलीत रात्री बुखारी (खोली तापवायची शेगडी) विझल्यावर खिडकीपाशी ठेवलेली डबी सकाळी गोठलेली मिळू शकते. आणि सोल्यूशन संपलं म्हणून नळाच्या पाण्यात लेन्स धुणं म्हणजे डोळ्याच्या गंभीर संसर्गाला आमंत्रण. डोळ्यात घातलेली लेन्स थंडीने गोठते ही भीती निराधार आहे. डोळा तिला उबदारच ठेवतो. खरा त्रास कोरड्या हवेचा. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ओलाव्याचे थेंब आतल्या खिशात ठेवा. लेन्स खोलीत, स्वच्छ हातांनी, निघण्याआधी घालायची. सनस्क्रीन लेन्स घातल्यानंतर लावायचं, आधी लावलं तर बोटांचा तेलकटपणा लेन्सला चिकटतो आणि दिवसभर धूसर दिसतं.

मूळ प्रश्नकर्त्यांना सिलिंडरमुळे टॉरिक लेन्स लागतील. चष्म्याचा नंबर जसाच्या तसा लेन्सला चालत नाही, −५.५० चा लेन्सचा साधारण −५.२५ होतो. सवय नसताना प्रवासाच्या आठवड्यात प्रयोग करू नका. आज फिटिंग करून घेतलं तर दोन महिने सवयीला पुरतात. आणखी एक: ४४ व्या वर्षी जास्त मायनस नंबरवाल्याला लेन्स घातल्यावर जवळचं वाचणं चष्म्यापेक्षा अवघड जातं. +१.०० चा वाचायचा चष्मा खिशात लागेल.

---

भिंगनंबर (वाशी)

पूर्वाताई, पत्नींच्या बाबतीत पूर्ण सहमत. त्यात एकच भर घालतो: लेन्स घालणाऱ्याने आपला चष्मा बरोबर ठेवायलाच हवा आणि गॉगल ओटीजीच घ्यावा. एका सकाळी डोळा लाल झाला की लेन्स बंद, आणि साधा गॉगल असेल तर तो दिवस गेला. ओटीजी गॉगल चष्म्याशिवायही घालता येतो, उलटं होत नाही.

---

उतारपट्टी (नेरुळ)

हेल्मेटचं राहिलं होतं. ते मी जरा सविस्तर लिहितो, कारण चष्मेवाल्यांचं निम्मं दुखणं गॉगलमुळे नसतं, ते हेल्मेटमुळे असतं.

स्कूटरचं हेल्मेट नको. ते किलोच्या वर जातं, स्कीचं साधारण ४०० ते ६०० ग्रॅमचं असतं. नवशिका दिवसातून वीस वेळा पडतो, एवढ्या वजनाने मानेला हिसका बसतो, शिवाय मागून येणाऱ्याची हाक ऐकू येत नाही. सायकलच्या हेल्मेटला कान झाकलेले नसतात, गॉगलचा पट्टा अडकवायला मागे क्लिप नसते आणि ईएन १०७८ या त्याच्या मानकात टोकदार वस्तू आत घुसण्याची चाचणी नाही. बर्फावर स्कीची धार आणि काठीचं टोक दोन्ही असतात. आतल्या लेबलवर ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ २०४० हे शोधा. ईएन १०७७ मध्ये 'ए' आणि 'बी' असे दोन वर्ग आहेत: 'ए' डोक्याचा जास्त भाग कठीण कवचाने झाकतो, 'बी' मध्ये कानावर मऊ पॅड असतात आणि हवा जास्त खेळते. चष्मेवाल्याला 'बी' सोयीचं, कारण मऊ पॅडखालून काडी सरकते.

डोक्याचं माप शिंप्याच्या टेपने घ्या, भुवयांच्या वर अडीच सेंटीमीटरवरून आणि मागे सगळ्यात फुगीर भागावरून. तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठं माप धरा. आत टोपी घालायची नाही, तेल-वेणीचा अंबाडा बांधायचा नाही. हनुवटीचा पट्टा न लावता डोकं हलवा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली तर माप बरोबर, हेल्मेट एकटंच फिरलं तर मोठं. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली एक बोट जाईल इतकाच सैल ठेवा.

आता क्रम. आधी हेल्मेट घाला आणि पट्टा लावा. मग चष्म्याच्या काड्या कानाचं पॅड किंचित बाहेर ओढून समोरून सरळ आत सरकवा. शेवटी गॉगल समोरून लावून पट्टा मागे न्या आणि क्लिपमध्ये अडकवा. चष्मा आधी घालून वरून हेल्मेट ओढलं तर काड्या वर उचलल्या जातात, काच तिरकी बसते आणि सिलिंडरवाल्याला सगळं वाकडं दिसतं. काढताना नेमका उलटा क्रम.

हेल्मेटची पुढची कड आणि गॉगलची वरची कड एकमेकींना टेकायला हव्यात, पण दाबायला नकोत. फट राहिली तर कपाळ गोठतं. दाब पडला तर गॉगल खाली सरकतो, नाकपुड्या अर्ध्या मिटतात, चष्मा नाकात रुततो आणि श्वास थेट गॉगलमध्ये जातो. म्हणून गॉगल आणि हेल्मेट वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या दुकानांतून अंदाजाने घेऊ नका. जे आधी घ्याल ते बरोबर नेऊन दुसरं घ्या. गॉगलच्या वरच्या झरोक्यांसमोर हेल्मेटची झरोकेवाली कड यायला हवी. आतली ओलसर हवा वर चढून तिथूनच बाहेर जाते.

भाड्याचं हेल्मेट वाईटच असतं असं नाही, पण ते किती वेळा आपटलंय हे कोणालाच माहीत नसतं. आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, आणि बाहेरून काही दिसत नाही. आत हात घालून अंगठ्याने सगळीकडे दाबून बघा: मऊ खळगा, बारीक चीर किंवा सुटलेलं कवच आढळलं तर दुसरं मागा. शिवाय तुमच्या गॉगलशी ते जुळेलच याची खात्री नाही. मुलीसाठी तरी विकतच घ्या. पुढच्या वर्षी होईल म्हणून एक साईझ मोठं मात्र अजिबात नको. तिचा चष्मा मागून इलॅस्टिकच्या पट्टीने बांधायचा असेल तर पट्टी बारीक असू द्या. जाड गाठ हेल्मेटखाली टोचते.

समोर वर-खाली होणारी काच जोडलेलं व्हायझरचं हेल्मेटही मिळतं. चष्म्यावर काहीच दाबत नाही, हवा भरपूर. ज्यांना गॉगलने डोकं दुखतं त्यांच्यासाठी तो खरा पर्याय आहे. पण बर्फ पडत असताना खालच्या फटीतून कण आत येतात आणि पडल्यावर चष्मा बर्फाने भरतो. नवशिक्यांना मी ते सुचवणार नाही.

---

मानपाडाकर (ठाणे)

इतकं नेमकं कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. मग माझ्यासाठी पॉलीचा लहान फ्रेमचा चष्मा आणि ओटीजी, पत्नीला लेन्स आणि ओटीजी, मुलीला नवा चष्मा, असं ठरवतो. आता वाफेचं सांगा. आणि इथे ठाण्यात बर्फ नसताना हे सगळं तपासायचं कसं?

---

उतारपट्टी (नेरुळ)

जुलैत एसी लोकलमधून ठाण्याच्या फलाटावर उतरल्यावर चष्म्यावर वाफ धरते, ती गार काचेला बाहेरची दमट हवा लागते म्हणून. गुलमर्गला हेच, फक्त उलट्या बाजूने: दमट हवा आत, तुमच्या घामाची आणि श्वासाची, आणि गारवा बाहेर. म्हणजे इलाज दोनच, आत ओल कमी सोडा आणि जी सुटली ती लवकर बाहेर जाऊ द्या. फवारे आणि कोटिंग हे त्यानंतरचं.

सगळ्यात मोठा गुन्हेगार तोंडावरची पट्टी. नाकावरून ओढलेला मफलर किंवा बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) गॉगलच्या खाली खोचला की खालचे झरोके बंद होतात आणि श्वासाला वर जाण्याशिवाय वाट उरत नाही. पट्टी गॉगलच्या खालच्या कडेच्या बाहेर आणि नाकपुड्यांच्या खाली ठेवा.

चढ चढताना घाम येतो, म्हणून चढायला लागण्याआधीच जॅकेटची चेन गळ्यापाशी उघडा. गॉगल कधीही कपाळावर किंवा ओल्या हेल्मेटवर चढवून ठेवू नका. डोक्यातून निघणारी वाफ थेट आतल्या काचेवर बसते, खाली ओढला की आंधळी कोशिंबीर. काढायचाच तर पूर्ण काढून जॅकेटच्या आत, कोरड्या पिशवीत ठेवा. लिफ्टच्या रांगेत थांबल्यावर वाफ धरते कारण वारं थांबतं. तेव्हा गॉगल दोन बोटांनी चेहऱ्यापासून सेंटीमीटरभर पुढे धरा, अर्ध्या मिनिटात निवळतं.

आतल्या काचेवर बर्फ किंवा पाणी गेलं तर घासायचं नाही. तिच्यावरचा वाफरोधक थर पाणी शोषून पसरवणारा असतो आणि ओला असताना फार नाजूक असतो. बर्फ झटकून टाका, मऊ कापडाने टिपा आणि वाळू द्या. त्या काचेवर साबण, टूथपेस्ट, फवारा काहीही लावायचं नाही. फवारा किंवा वाइप्स फक्त चष्म्याला, रोज सकाळी, खोलीतल्या तापमानाला आलेल्या काचेवर, दोन्ही बाजूंनी. तुमच्या अँटी-ग्लेअरला चालतो ना, हे बाटलीवर वाचून घ्या. वाफ फारच धरत असेल तर बॅटरीवर चालणारा बारीक पंखा असलेले गॉगल मिळतात. महाग आहेत, पण चष्मेवाल्यांसाठी खरोखर कामाचे.

रात्री ओला गॉगल बुखारीजवळ वाळत घालू नका. उष्णतेने फोमचा गोंद सुटतो, काचेची सील उकलते आणि चष्म्याच्या कोटिंगला जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. मे महिन्यात ठाण्यात उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा राहिला तर जे होतं तेच. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात खुंटीला टांगा, काच बाहेरच्या बाजूला करून.

---

भिंगनंबर (वाशी)

ठाण्यात तपासायचं असं. तिघांनी हेल्मेट, चष्मा, गॉगल वरच्या क्रमाने घालून एसी १८ वर लावलेल्या खोलीत अर्धा तास बसा. पंधराव्या मिनिटाला काडीच्या वर, कानशिलापाशी दुखायला लागलं तर डोंगरात ते दुपटीने दुखेल. गॉगल काढून आरशात बघा: काडीचा लाल वळ कानामागे आहे की कानाच्या वर? कानामागे असेल तर काडी लांब आहे किंवा जास्त वळली आहे, दुकानात गरम करून पाच मिनिटांत सरळ करून देतात. कानाच्या वर असेल तर हेल्मेटचं पॅड जाड आहे. काढता येणारं असेल तर काढून पातळ पॅड बसवा. हेल्मेटचा आतला कठीण थर मात्र सुरीने कोरायचा नाही.

मग तसेच उठून वीस बैठका काढा आणि लगेच थांबा. थांबल्यावर पहिली वाफ चष्म्यावर दिसली की गॉगलवर, ते बघा. चष्म्यावर आधी दिसली तर चष्मा चेहऱ्याला फार चिकटलाय, नाकाचे पॅड अर्धा मिलिमीटर बाहेर काढून घ्या. गॉगलवर आधी दिसली तर झरोके कुठेतरी झाकले जातायत, बहुधा हेल्मेटच्या कडेखाली. घरात निभावलं म्हणून तिकडेही निभावेलच असं मात्र नाही, तिथे काच जास्त गार पडते.

शेवटी प्रवासाचं: गॉगल कापडी पिशवीत घालून हेल्मेटच्या पोकळीत ठेवा आणि हेल्मेट केबिन बॅगेत, चेक-इन सामानात नाही. प्रत्येकाचा सुटा चष्मा कडक डबीत, प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलमध्ये, फ्रेमच्या स्क्रूसाठी बारीक पेचकस आणि दोन-तीन जादा स्क्रू. थंडीत धातू आकसतो आणि बिजागरीचे स्क्रू ढिले होतात. निघायच्या आदल्या दिवशी सगळे आवळून घ्या.